जठर लहान झालें, पुढें काय?



वजन उतरविण्यासाठीं जठरावर शस्त्रक्रिया करावयाची, ही गोष्ट आपल्या आजीच्या पिढीला कोणी सांगितली असती तर ती तिला खरी वाटली नसती. आज मुंबई, पुणें, नागपूर यांसारख्या शहरांत ती नवलाची राहिलेली नाहीं. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरीं ती झालेली असते. कधीं उघडपणें, तर कधीं फार गुप्तपणें. तिच्याविषयीं जें बोलणें होतें, तें बहुधा शस्त्रक्रियेपुरतेंच असतें. खर्च किती आला, रुग्णालयांत किती दिवस काढावे लागले, वजन किती उतरलें, एवढें विचारून लोक थांबतात. परंतु घरीं परत आल्यावर त्या स्त्रीनें काय खावें, कोणत्या क्रमानें खावें, किती चालावें, आणि हें सर्व तिला साधावें म्हणून घरांतील मंडळींनीं काय करावें, याची चर्चा क्वचितच होते. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

हा विषय मीं मुख्यतः स्त्रियांच्या दृष्टीनें मांडावयाचें ठरविलें आहे, आणि त्यास कारणें आहेत. जगांतील नोंदी पाहिल्या तर ही शस्त्रक्रिया करून घेणारांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षां बरीच अधिक आढळते. दुसरें असें कीं, आपल्या देशांत २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २४ जणींचें वजन प्रमाणाबाहेर होतें. आणि त्याच पाहणींत त्याच वयाच्या शेंकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय होता. वजन अधिक आणि रक्त कमी, अशी दुहेरी अडचण एकाच शरीरांत नांदूं शकते. स्थूल स्त्री चांगली पोसलेली असते, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. तिसरें कारण आपल्या घराच्या रीतींत आहे. स्वयंपाकघर बहुधा तिच्या हातीं असतें, परंतु जेवणाच्या पंक्तींत तिची पाळी शेवटची असते. शस्त्रक्रियेनंतर जी शिस्त तिला पाळावयाची असते, तिच्या आड ही रीत कशी येते, हें पुढें सांगणार आहें.

प्रथम ही शस्त्रक्रिया शरीरांत करते काय, तें थोडक्यांत पाहूं. १९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील क्रेमेन व लिनर या शस्त्रवैद्यांनीं लहान आंतड्याचा बराचसा भाग अन्नमार्गांतून वगळण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. खाल्लेलें अन्न अंगीं लागूंच द्यावयाचें नाहीं, असा त्यांतील हेतु होता. वजन उतरलें, परंतु अतिसार, मूतखडे, यकृताचे विकार असे अनर्थ ओढवूं लागले, आणि ती पद्धति सोडून द्यावी लागली. पुढें १९६६ सालीं आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन व त्यांचे सहकारी इटो यांनीं निराळी वाट धरली. व्रणासाठीं ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला आहे, अशा रुग्णांचें वजन पुढें सहसा वाढत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें होतें. त्यावरून जठराचा फक्त वरचा लहानसा कप्पा वेगळा काढून तो थेट आंतड्यास जोडण्याची बायपास शस्त्रक्रिया निघाली. १९९४ पासून ती पोट न उघडतां, दुर्बिणीच्या साहाय्यानें होऊं लागल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले, आणि मग तिचा प्रसार वाढला.

आज सर्वांत अधिक केली जाते ती स्लीव्ह नांवाची शस्त्रक्रिया. तींत जठराचा सुमारें तीनचतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी उरते. एरवीं लिटर-दीड लिटर सामावून घेणारें जठर आतां शंभर-दीडशें मिलिलिटरांचें, म्हणजे एका लहान वाटीएवढें होतें. बायपासमधील कप्पा तर त्याहूनही लहान, सुमारें तीस मिलिलिटरांचा, म्हणजे मोठ्या दोन चमच्यांएवढा असतो.

परंतु जागा कमी झाली एवढेंच तिचें कार्य नव्हे. १९९९ सालीं जपानांतील कोजिमा व कांगावा या संशोधकांनीं घ्रेलिन नांवाचा अंतःस्राव शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागांत तयार होतो आणि मेंदूस भुकेची वर्दी देतो. स्लीव्हमध्यें नेमका तो भाग निघून जातो. शिवाय अन्न आंतड्यांत लवकर पोहोंचत असल्यामुळें तृप्तीची वर्दी देणारे दुसरे अंतःस्राव वाढतात. म्हणून पहिल्या कांहीं महिन्यांत पुष्कळ स्त्रिया सांगतात कीं, भूक अशी लागतच नाहीं. मधुमेह असलेल्यांची साखर तर वजन फारसें उतरण्यापूर्वींच खालीं येऊं लागते.

येथेंच एक भ्रम उत्पन्न होतो. वाटतें कीं आतां काम झालें. शरीराचा अनुभव मात्र निराळें सांगतो. स्वीडनमध्यें १९८७ सालीं आरंभ झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत शस्त्रक्रिया झालेल्या सुमारें दोन हजार व्यक्तींचा वर्षानुवर्षें मागोवा घेण्यांत आला; त्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीनें शेंकडा ३२ इतकें उतरलें. दहाव्या वर्षीं ही घट शेंकडा २५ एवढी राहिली होती. म्हणजे शंभर किलोंची व्यक्ति अडुसष्टांवर आली आणि पुढें पंचाहत्तरांच्या आसपास स्थिरावली. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासाच्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या गटांत मृत्यूचें प्रमाणही कमी आढळलें. तेव्हां लाभ खरा आहे, आणि टिकणारा आहे. परंतु तो आपोआप पूर्ण टिकत नाहीं. दुसऱ्या वर्षापासून भूक हळूहळू परत येते, जठराची नळी थोडी सैलावते, आणि घटलेलें शरीर आपलें पूर्वींचें वजन परत मिळवूं पाहतें. कांहीं किलो परत आले म्हणून त्या स्त्रीला आळशी किंवा जिभेची चोरटी म्हणणें हा अन्याय आहे. शरीराची ओढच तशी असते.

माझ्या सांगण्याचा गाभा असा आहे. शस्त्रक्रिया त्या स्त्रीला एक मुदत मिळवून देते. वर्ष-दीड वर्ष भुकेचा जोर ओसरलेला असतो. जुन्या सवयी सोडून नव्या लावून घेण्यास याहून सोपा काळ तिला आयुष्यांत पुन्हां मिळणार नाहीं. या मुदतींत ज्या सवयी अंगवळणीं पडतील, त्याच पुढें भूक परत आल्यावर तिच्या कामीं येतील. आणि या सवयी एकटीनें लावून घेण्यासारख्या नाहींत. त्यांत सारें घर यावें लागतें.

आतां आहाराकडे वळूं. प्रत्येक रुग्णालयाचा क्रम थोडाफार वेगळा असतो, आणि आपल्या शस्त्रवैद्याचा व आहारतज्ज्ञाचा शब्द हाच प्रमाण मानावा. सामान्यतः पहिले एक-दोन दिवस निवळ पातळ पदार्थ देतात: पाणी, भाताची निवळ, डाळीचें गाळलेलें पाणी. पुढें दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत ताक, दूध, मुगाचें कढण असे पातळ पदार्थच. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यांत घोटलेलें वरण, दही, कुस्करलेलें मऊ पनीर. त्यानंतर सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत मऊ शिजविलेलें अन्न: अंडें, वाफविलेला मासा, मुगाचें धिरडें, मऊ भाजी. मग नेहमींचें जेवण. या पायऱ्या गाळून पुढें जाण्याचा मोह आवरावा, कारण जठराला घातलेले टांके भरून येण्यास हा अवधि लागतो.

नेहमींच्या जेवणाशीं आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. या स्त्रीला दिवसाकाठीं निदान साठ ग्रॅम प्रथिनें पोटांत गेलींच पाहिजेत. तीं न मिळाल्यास शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायुही झिजवूं लागतें. आतां हिशेब करून पाहा. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणांत सहा-सात, पेलाभर दुधांत तितकींच, शंभर ग्रॅम पनीरांत सुमारें अठरा. दोन अंडीं, दोन वाट्या वरण, दोन पेले दूध किंवा तेवढें दही, आणि शंभर ग्रॅम पनीर, एवढें सारें खाल्लें तर बेरीज पंचावन्नाच्या आसपास जाते. जिचें जठर वाटीएवढें आहे, तिला हें दिवसभरांत पांच-सहा लहान वेळांत विभागून घ्यावें लागतें; आणि पहिल्या महिन्यांत तें इतकें कठीण जातें कीं वैद्य प्रथिनांची भुकटी देतात. मांसमच्छी किंवा अंडीं न खाणाऱ्या घरांत हा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो.

म्हणून ताटांतील क्रम बदलावा लागतो. आपल्याकडे पानांत प्रथम येते ती भाताची मूद. तिच्यावर वरण, तूप. या स्त्रीच्या पानांत भात शेवटीं यावा. आधीं घट्ट वरण, उसळ, अंडें, मासा किंवा पनीर, मग भाजी, आणि मग जागा उरली तर अर्धी पोळी किंवा दोन घांस भात. पिष्ट पदार्थ वाईट आहेत असें नव्हे. जागा थोडी आहे, आणि ज्याची गरज अधिक त्यास आधीं जागा द्यावयाची, एवढाच याचा अर्थ. शिवाय ताजी मऊ पोळी व चिकट भात यांचा नीट न चावलेला गोळा अरुंद जठरांत अडकून बसतो, असा अनेकींचा अनुभव आहे.

दुसरा नियम पाण्याचा. दिवसांतून निदान दीड लिटर पाणी पोटांत जावें, परंतु जेवतांना नव्हे. जेवणाबरोबर पाणी प्यालें तर एकतर पोट लगेच तडस लागल्यासारखें भरतें, नाहीं तर अन्न लवकर पुढें वाहून जातें आणि तृप्ति टिकत नाहीं. जेवण झाल्यावर सुमारें अर्ध्या तासानें घोंट घोंट पाणी प्यावें. पेलाभर पाणी एका दमांत पिण्याचे दिवस संपले, हें ध्यानांत ठेवून सकाळपासून बाटली जवळ बाळगावी.

तिसरा नियम सावकाशीचा. घांस लहान असावा, तो वीस-पंचवीस वेळां चावावा, आणि जेवणास वीस ते तीस मिनिटें द्यावीं. पोट भरल्याची खूणही आतां पूर्वींसारखी नसते. छातीच्या हाडाखालीं दाब वाटणें, उचकी लागणें, कधीं नाक वाहूं लागणें, हीच ती खूण. ती दिसतांच पुढचा घांस ठेवून द्यावा. एका घांसाच्या लोभानें उलटी होते.

गोडाविषयीं दोन शब्द सांगतों. विशेषतः बायपास झालेल्या स्त्रीनें बासुंदी, गुलाबजाम किंवा सरबत घेतलें, तर साखरेचा तो लोंढा थेट आंतड्यांत उतरतो. दहा ते तीस मिनिटांत छातींत धडधड, घाम, पोटांत मुरडा, जुलाब, चक्कर, असा प्रकार होतो. कधीं दोन-तीन तासांनीं रक्तांतील साखर एकदम उतरून हातपाय थरथरतात. घरांतील मंडळी घाबरून जातात आणि तिला आणखी साखर देतात! अशी उतरलेली साखर त्या वेळेपुरती वर आणावी लागते हें खरें. परंतु पुन्हां पुन्हां असें होऊं लागलें तर मूळ कारण ताटांतच शोधावें आणि वैद्यास दाखवावें.

याहून अधिक धोक्याची, परंतु निरुपद्रवी दिसणारी एक सवय आहे. ती म्हणजे दिवसभर थोडें थोडें तोंडांत टाकणें. एका वेळीं जास्त खाववत नाहीं, म्हणून चिमूटभर चिवडा, एक बिस्किट, साखरेचा अर्धा कप चहा, उरलेल्या श्रीखंडाचा चमचा. हे पदार्थ अरुंद नळींतून सहज घसरतात, पोट भरत नाहीं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची बेरीज पूर्वींच्या दोन जेवणांएवढी होते. पुन्हां वजन वाढण्याचें एक मोठें कारण हें आहे. खाण्याच्या वेळा ठरवाव्या, आणि दोन वेळांच्या मध्यें पाण्यावांचून तोंडांत कांहीं जाऊं नये.

आतां आपल्या उपवासांचा प्रश्न. एकादशीस किंवा चतुर्थीस साबुदाण्याची खिचडी हा आपला पाठ. साबुदाण्यांत प्रथिनें जवळजवळ नसतात. तो निव्वळ पिष्ट आहे. त्या दिवशीं साठ ग्रॅमांचा हिशेब साफ कोसळतो. ज्या स्त्रीला उपवास सोडवत नाहीं, तिनें तो दूध, दही, ताक, पनीर आणि थोडे शेंगदाणे यांवर करावा. धर्माला तें चालतें आणि शरीरालाही. हरितालिकेचा निर्जळी उपवास मात्र तिनें करूं नये. इतर स्त्रिया संध्याकाळीं तांब्याभर पाणी पिऊन दिवसाची तूट भरून काढूं शकतात. हिचें जठर तें घेऊंच शकत नाहीं. शस्त्रक्रियेनंतर पुन्हां रुग्णालयांत यावें लागण्याच्या कारणांत शरीरांतील पाणी कमी होणें हें एक नेहमींचें कारण आहे.

जीवनसत्त्वें व क्षार यांच्या गोळ्या ही थोड्या दिवसांची बाब नव्हे. त्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. याचें कारण समजलें तर कंटाळा येणार नाहीं. बी-बारा हें जीवनसत्त्व शोषलें जाण्यासाठीं जठरांत तयार होणारा एक पदार्थ लागतो. जठरच कापलें गेल्यावर तो कमी पडतो. लोह शोषण्यास जठरांतील आम्ल लागतें आणि तें मुख्यतः लहान आंतड्याच्या आरंभींच्या भागांत शोषलें जातें; बायपासमध्यें अन्न त्या भागांतून जातच नाहीं. ज्या स्त्रीला दरमहा रक्तस्राव होतो, तिची लोहाची गरज पुरुषाहून अधिक, आणि ती आधींच रक्तक्षयाच्या काठावर असण्याचा संभव मोठा. कॅल्शियमही रोज बाराशें ते पंधराशें मिलिग्रॅम, आहार व गोळ्या मिळून, दोन-तीन वेळां विभागून जावें लागतें. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळीं घेऊं नये. दोहोंत दोन तासांचें अंतर असावें, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर कधींच नको. या गोळ्या किती व कोणत्या, हें रक्ताच्या तपासणीवरून वैद्यानें ठरवावयाचें असतें. ही तपासणी पहिल्या वर्षीं दोन-तीनदां आणि पुढें दरवर्षीं करून घ्यावी.

एक सूचना विशेष लक्ष देऊन ऐकावी. शस्त्रक्रियेनंतर दिवसेंदिवस उलट्या होत राहिल्या, तर “जठर लहान झालें आहे, असें व्हावयाचेंच” असें म्हणून घरीं बसूं नये. बी-वन या जीवनसत्त्वाचा शरीरांतील सांठा फार थोडा असतो. तो कांहीं आठवड्यांत संपतो. मग एकाच्या दोन वस्तु दिसणें, चालतांना तोल जाणें, भ्रम होणें, अशीं लक्षणें येतात, आणि उपचारास विलंब झाला तर मेंदूची कायमची हानि होते. ही हानि टाळतां येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच ती होऊं देणें अधिक दुःखाचें.

तरुण स्त्रियांसाठीं आणखी एक गोष्ट. स्थूलपणामुळें ज्यांची पाळी अनियमित होती व मूल होत नव्हतें, त्यांचें वजन उतरूं लागतांच गर्भधारणेची शक्यता एकाएकीं वाढते. परंतु वजन झपाट्यानें घटत असतांनाचा काळ गर्भाच्या पोषणास योग्य नव्हे. निदान बारा ते अठरा महिने थांबावें, असा वैद्यांचा सल्ला असतो. बायपासनंतर पोटांत घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबतां येत नाहीं. त्याविषयीं स्त्री-रोगतज्ज्ञाचा सल्ला आधींच घ्यावा. मुलासाठीं उतावीळ झालेल्या सासरमाहेरच्या मंडळींनीं हें ऐकून ठेवावें. तसेंच तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस फार गळूं लागतात आणि स्त्रिया हवालदिल होतात. वजन झपाट्यानें उतरल्याचा तो परिणाम आहे. प्रथिनें व लोह पुरेसें असल्यास केस बहुधा पुन्हां येतात.

आतां व्यायाम. “दिवसभर घरांत राबतें, तोच माझा व्यायाम,” असें पुष्कळ गृहिणी म्हणतात. त्यांचे श्रम खरे आहेत. परंतु ते तुटक असतात. ओट्यापाशीं दोन तास उभें राहिल्यानें पाय दुखतात, तथापि हृदयाची गति सलग वाढत नाहीं आणि स्नायूंस वाढता भारही मिळत नाहीं. उतरलेल्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायु व तत्सम धातूंचा असूं शकतो, आणि हाडेंही विरळ होऊं लागतात. स्त्रीचीं हाडें रजोनिवृत्तीनंतर तशींही झिजत असतात. त्यांत ही भर पडते. म्हणून व्यायाम वजन उतरविण्यापेक्षांही उतरलेल्या शरीरांत बळ टिकविण्यासाठीं हवा.

त्याचा आरंभ शस्त्रक्रियेच्या दिवशींच किंवा दुसऱ्या दिवशीं होतो. पायांतील शिरांत रक्त गोठूं नये म्हणून रुग्णालयाच्या ओसरींतच चालावयास लावतात. घरीं आल्यावर दहा-दहा मिनिटें दिवसांतून तीन-चारदां चालावें आणि हळूहळू तें वाढवावें. पहिले चार ते सहा आठवडे पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, कडेवरचें मूल असें जड कांहीं उचलूं नये. पुढें आठवड्यांतून पांच दिवस निदान तीस मिनिटें झपझप चालावें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें सांगितलीं आहेत, त्याची ही खालची मर्यादा होय. वजन टिकवावयाचें असेल तर वरच्या मर्यादेकडे सरकावें. शिवाय आठवड्यांतून दोन दिवस स्नायूंस भार देणारा व्यायाम हवा: हात न टेकतां खुर्चीवरून उठणें-बसणें, भिंतीस हात लावून जोर काढणें, पाण्यानें भरलेल्या बाटल्या उचलणें. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोंचविलेले सूर्यनमस्कारही शस्त्रवैद्याची अनुज्ञा मिळाल्यावर अवश्य घालावे. त्यांत सर्व सांधे हलतात, आणि त्यांना अंथरलेल्या सतरंजीहून अधिक जागा लागत नाहीं. गुडघे दुखत असतील तिनें जखमा भरल्यावर पोहावें किंवा पाण्यांत चालावें.

हें सर्व ऐकून एखादी भगिनी म्हणेल, “हें करावयाचें केव्हां?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर तिच्या एकटीपाशीं नाहीं. आपल्या नेहमींच्या एखाद्या घराचें चित्र डोळ्यांपुढें आणा. सर्वांस वाढून झाल्यावर अडीच वाजतां ती जेवावयास बसते. तोंवर भुकेनें किंवा थकव्यानें जीव कासावीस झालेला असतो; वरण तळाशीं राहिलेलें, उसळ संपलेली; उरलेला असतो तो भात. तो ती घाईनें संपविते. मुलानें पानांत टाकलेली पोळी फुकट जाऊं नये म्हणून तीही खाते. अन्न टाकूं नये हा आपल्या घरांचा चांगला संस्कार आहे. परंतु तें न टाकण्याचें ओझें एकाच स्त्रीच्या पोटानें कां वाहावें? उरलेलें अन्न झांकून ठेवतां येतें, मोजकें शिजवितां येतें. वाटीएवढ्या जठराच्या स्त्रीला हें शेवटचें आणि उरलेलें जेवण मुळींच परवडत नाहीं. तिचें पान वेळेवर, आधीं किंवा निदान सर्वांबरोबर मांडलें गेलें पाहिजे, आणि तिच्या वाट्याची डाळ, दही, पनीर आधींच बाजूला काढून ठेविलें पाहिजे.

तीच गोष्ट आग्रहाची. पाहुण्यास आग्रह केल्याविना आपलें समाधान होत नाहीं. “एवढीशी जिलबी घेतलीस तर काय होणार?” असें आपण प्रेमानेंच म्हणतों. या स्त्रीला त्यानें काय होतें, तें मघाशीं सांगितलेंच आहे. तिच्या “पुरे” या शब्दास एकदांच विचारून मान द्यावा. मंगलकार्यांत तिनें लहान ताटली घेऊन पंगतींत सर्वांबरोबर बसावें, आणि तिच्या ताटांत किती आहे याकडे कोणीं पाहूं नये.

शेवटीं गुप्ततेविषयीं. पुष्कळ स्त्रिया ही शस्त्रक्रिया लपवितात. “स्वतःच्या निग्रहानें वजन उतरविलें नाहीं, पोट कापून घेतलें,” असें कोणी म्हणेल, हें भय त्यांना वाटतें. सर्व जगास सांगण्याची गरज नाहीं, हें मान्य. परंतु ज्या घरांत ती राहते, तेथें सर्वांस माहीत असलें पाहिजे. कारण लपविलें कीं आग्रह नाकारतां येत नाहीं, जेवतांना पाणी कां पीत नाहीं हें सांगतां येत नाहीं, गोळ्या चोरून घ्याव्या लागतात आणि मग चुकतात. आणि उलट्या होऊं लागल्या तर सोबतीस कोणी नसतें. जसें मोडलेलें हाड बसविणें लाजेचें नाहीं, तसेंच हेंही नाहीं.

शस्त्रवैद्याचें काम कांहीं तासांत संपतें. पुढचें काम रोजच्या दोन-चार वाट्यांचें, अर्ध्या तासाच्या चालण्याचें आणि वेळेवर घेतलेल्या गोळीचें आहे. आपल्या घरांत अशी एखादी स्त्री असेल तर आज रात्रीं पानें मांडतांना तिचें पान पहिलें मांडा, आणि जेवण झाल्यावर भांडीं कोणी तरी दुसऱ्यानें आवरावीं, म्हणजे तिला पायांत चपला घालून अर्धा तास बाहेर जातां येईल.